काडी कोनं मोडली?

तऱ्हाळकर वकिलांना बसलेलं मी आयुष्यात एकदाच पाहिलं. एरवी ते उभे तरी असत नाहीतर चालत तरी. कोर्टात उभं राहावंच लागतं, ते सोडा. पण घरीही त्यांच्याकडे एकच खुर्ची होती, ती पक्षकारासाठी, आणि पक्षकारालाही ती फार वेळ लाभत नसे. माणूस टेकला, पागोटं काढून मांडीवर ठेवलं, घसा खाकरला, की वकीलसाहेब कोट चढवून दारात उभे. "चाला, चालता चालता सांगा." मग पद्मतीर्थ तळ्याला फेऱ्या सुरू व्हायच्या. वाशीमचे लोक सांगायचे, अमक्याचं प्रकरण चार फेऱ्यांचं, तमक्याचं अकरा फेऱ्यांचं. निकाल काय लागला ते कुणी मग विचारीत नसे.

त्यांच्याकडे येणारी प्रकरणं एकाच तऱ्हेची. नवरा नांदवत नाही, बायको नांदत नाही, पोटगी मिळत नाही, सासरच्यांनी लेकरू ठेवून घेतलं, सोडचिठ्ठी पाहिजे. बांधाचं किंवा वाटणीचं काम घेऊन कुणी आलं तर ते समोरच्या वकिलाच्या घराकडे बोट दाखवून मोकळे होत. तेव्हा शहरातल्या शिकलेल्या लोकांना वाटायचं, हिंदू बाईला लग्नातून सुटायची वाटच नाही. कायद्याच्या पुस्तकात नव्हतीही. पण आमच्या शेतकरी घरांत ती बापजाद्यांपासून होती. पंच बसायचे, नवरा गवताची वाळलेली काडी दोन हातांत धरून मोडायचा, तुकडे खाली टाकायचा, की बाई मोकळी. हाच काडीमोड. मग ती पाट लावायची, म्हणजे दुसरं लग्न करायची, आणि कोर्टही जातीची रूढी म्हणून ते मानायचं. अशा कामांमुळे तऱ्हाळकरांना पाठीमागे 'काडीमोडे वकील' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं.

गंमत अशी, की हा माणूस स्वतः कधी काडी मोडत नसे. सकाळच्या दातवणाच्या दोन काड्या शेजारचा गुरव मोडून ओट्यावर ठेवायचा, तेव्हा यांचं तोंड धुणं व्हायचं. घरात एकटे. बायको शिरपूरला माहेरी होती, फार वर्षांपासून. का होती, ते कुणी विचारलं नाही. ज्याच्याकडे सगळ्यांच्या घरचं उघडं व्हायचं त्याच्या घरचं उघडायची छाती कुणाला नव्हती.

मी तेव्हा आमच्याच गावच्या, आसेगावच्या शाळेत मास्तर होतो. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोनतीन वर्षं आधीची गोष्ट. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका. माझा स्वभाव उतावळा, आणि चार बुकं शिकलो म्हणून प्रत्येक गोष्टीचा कागद हवा असायचा. घरचे या सवयीला कंटाळले होते. पण त्या सवयीपायीच मी तऱ्हाळकरांच्या दारात गेलो.

माझी धाकटी बहीण अनसूया, आमची अन्सा. तिचं सासर दोन कोसांवर. नवरा किसन लग्नानंतर चौथ्या वर्षी हिंगोलीला कामाला म्हणून गेला आणि तिथेच राहिला. तिथे त्यानं दुसरी बाई घरात आणली असं कळलं. हिंगोली म्हणजे मोगलाई, निजामाचा मुलूख. आगगाडीनं जवळ, पण माणूस तिकडे गेला की गेलाच अशी आमच्याकडची समजूत. अन्सानं अडीच वर्षं सासरी वाट पाहिली आणि मग ती आमच्याकडे आली. तिचा सासरा सुभानजी सरळ माणूस. मुलाच्या वागण्यानं त्याची मान खाली गेली होती. पोळा झाल्यावर त्यानं आपणहून पंच बोलावले आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "पोरगा नाही, पन त्याचा बाप जित्ता हाये. दुसऱ्याच्या लेकीले मी अडकून ठेवनार नाही." आणि त्यानं काडी मोडली. पंचांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझे वडील त्याच्या गळ्यात पडले. मीही रडलो, कबूल करतो.

आठ दिवसांत इंझोरीचं स्थळ आलं. विठोबा नावाचा बिजवर, दोन लहान लेकरं, आई म्हातारी. दिवाळीच्या आत पाट लावायचा असं ठरलं, कारण दिवाळीनंतर कापूस वेचायला निघतो आणि मग कुणाला उसंत नसते. सगळं जुळलं होतं. मी म्हटलं, काडीमोडीचा एक कागद करून ठेवू. एवढ्यासाठी बैलांची दमणी जुंपून वाशीम गाठलं.

तऱ्हाळकरांनी मला खुर्चीवर टेकूच दिलं नाही. उंच, वाळका माणूस, धोतर नेहमी जरा वर खोचलेलं, चालताना कोटाचे खिसे हातांनी आतून चाचपत राहायचे. मी त्यांच्यामागे जवळजवळ पळत सगळं सांगितलं. पहिली फेरी संपायच्या आत त्यांनी एकच प्रश्न विचारला. पुढे मला कळलं की ते प्रत्येकालाच तो विचारतात.

"मास्तर, काडी कोनं मोडली?"

"पंचांसमोर मोडली."

"पंचांसमोर मोडली ते समजलं. मोडली कोनं?"

"सासऱ्यानं. सुभानजीनं."

ते थांबले. चालणारा माणूस एकदम थांबला की आपलाच तोल जातो. मी दोन पावलं पुढे जाऊन मागे आलो.

"आन् नवरा?"

"तो हिंगोलीले हाय. येतच नाही, म्हून तं बापानं—"

"मंग तो अजून नवराच हाय," ते म्हणाले. "लगन सासऱ्यासंगं लागलं व्हतं का तुमच्या बहिनीचं? ज्याचं लगन त्याची काडी. कोर्ट दुसऱ्या कोनाची मानत नाही. तुमी पाट लावसान, आन् उद्या तो हिंगोलीवरून उगवला तं फौजदारी होईन. तुमची बहीन आरोपी, इंझोरीवाला आरोपी. पुढं लेकरू झालं तं त्याले नाव कोनाचं द्यान?"

 कागद करायला गेलो होतो, आणि जे झालं असं आम्ही मानत होतो तेच झालेलं नव्हतं. परत येताना बैल चालत होते की नाही ते मला आठवत नाही.

घरी गहजब झाला. आई म्हणाली, सासऱ्यासारख्या देवमाणसानं मोडलेली काडी खोटी म्हणणारा हा वकील कोण? वडील माझ्यावरच उलटले. "तुले कोनं धाडलं व्हतं वकिलाकडं? चांगलं चाललेलं तुले पाहवत नाही. बुकं शिकला आन् घर नासवलं!" इंझोरीहून निरोप आला की दिवाळीपर्यंत थांबू, पुढे नाही, घरात लेकरांचे हाल होतात. अन्सा मात्र दिवसभर घरात या टोकापासून त्या टोकापर्यंत काम काढत राहिली, सारवलेलं पुन्हा सारवलं. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "दादा, मले त्या वकिलाकडं ने. माह्यं मी सांगतो."

त्या दिवशी त्यांची कोर्टात तारीख होती म्हणून आम्हाला तिथेच थांबावं लागलं, आणि तऱ्हाळकरांचं काम मी पहिल्यांदा पाहिलं. एका नवऱ्यानं दावा लावला होता, बायको विनाकारण माहेरी पळाली, तिला नांदायला पाठवा. तऱ्हाळकर बाईच्या बाजूचे, ती कोपऱ्यात पदर ओढून उभी. नवऱ्यानं शपथेवर सांगितलं की ती गेली त्या दिवशी तो सकाळपासून शेतात होता, नंतर त्यानं तिला पाहिलेलं नाही, घरात काही घडलंच नाही. तऱ्हाळकरांनी त्याला उलटसुलट काही विचारलं नाही. काळजीनंच म्हणाले, "तुमी तिले नेऊन राह्यले, ठीक हाय. पन भाजलेल्या हातानं तिच्यानं भाकरी होतीन का?"

"होतीन ना," नवरा म्हणाला. "डावाच तं हात हाय."

 न पाहिलेल्या हाताचा डावाउजवा त्याला कसा कळला, हे विचारायची गरजच पडली नाही. तऱ्हाळकर जिंकल्यासारखे दिसले नाहीत. ते त्या बाईकडे न बघता बाहेर पडले आणि आमच्याकडे पाहून म्हणाले, "चाला."

मी मागे राहिलो. अन्सा आणि ते पुढे. आणि तेव्हा मला दिसलं की हा माणूस बायकांबरोबर वेगळं चालतो. माझ्यासारख्यांना पळवायचा, तो अन्साच्या दोन पावलं मागे, अगदी हळू चालत होता, जणू तिनं वाट ठरवावी आणि त्यानं मागून यावं. कायद्याचं त्यांनी काहीच विचारलं नाही.

"पोरी, इंझोरीले तुले जायचं हाय, का हे लोक पाठवून राह्यले?"

अन्सानं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मले आजवर कोनं इचारलं नाही. पह्यल्या येळीबी नाही."

"मी इचारतो."

"जायचं हाय. ते लोक पाहाले आले तवा त्याइची लहानी पोरगी माह्या पदराले धरून तशीच झोपली. हात सोडवला तं उठून रडे. त्या दिवसापासून मले घरात धड बसवत नाही, वकीलसाहेब. मले अशी अर्धी ठेवू नका. बांधून ठेवा नाही तं सोडा."

तऱ्हाळकरांनी दोन्ही हात कोटाच्या खिशांत घातले. "दिवाळीच्या आत," एवढंच म्हणाले. माझ्या डोळ्यांसमोर पंचांग उभं राहिलं. सव्वा महिना होता.

इंग्रजी कोर्टाचं समन्स मोगलाईत बजावायचं म्हणजे कागद इकडून तिकडे फिरत राहणार, दिवाळी काय, होळी उलटेल. तऱ्हाळकर म्हणाले, "समन्स हद्दीपाशी थांबते. मानूस थांबत नाही." आणि आम्ही दोघं हिंगोलीच्या गाडीत बसलो. बसलो म्हणजे मी बसलो. ते दाराशी दांडा धरून उभे. मी दोनदा जागा दाखवली. तिसऱ्यांदा त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी खिडकीबाहेर बघू लागलो.

किसन एका लाकडाच्या वखारीत सापडला. मी त्याचा गळा धरायचा म्हणून निघालो होतो. पाहिला तर खांदे उतरलेला, केसांत भुसा, आमच्याकडे बघून आधी पळायची दिशा शोधणारा माणूस. मला राग धरवेना, याचाच मला राग आला. तो म्हणाला, "बापानं मोडली ना काडी? मले कयलं. बापानं मोडली म्हंजे मीच मोडली. आता काय राह्यलं?"

तऱ्हाळकरांनी त्याला वखारीतून बाहेर काढलं आणि चालायला लावलं. ओंडक्यांच्या ढिगांमधून ते दोघं फिरत होते, मी एका टोकाला उभा. जवळ आले की एखाददुसरं वाक्य कानावर पडे.

"तू गेला तवा तिले काही सांगून गेला व्हता का?"

"नाही."

"अडीच वर्सं ती रोज संध्याकाळी दिवा लावून वाट पाहे, तुले ठाऊक हाय का?"

 पुढच्या फेरीला किसनचा आवाज आला, "बापापुढं उभं राहाची माही हिंमत नाही. तो मले मारन."

"मारला तं मधी मी उभा राहीन. तुले काही द्याचं नाही, काही मांगाचं नाही. येऊन तुही काडी तू मोड. मले एक सांग, बाप्पा, बायको करताना बापाले पाठवलं व्हतं का मांडवात?"

किसन हसला आणि हसता हसता रडायला लागला. नवरात्रातल्या अष्टमीला आसेगावला येतो म्हणाला. परतीच्या गाडीत मी विचारलं, हा येईल कशावरून? तऱ्हाळकर दारातून बाहेर बघत म्हणाले, "नाही आला तं पुन्हा जाऊ." त्यांच्या सांगण्यात एवढी खात्री नव्हती जेवढी मला हवी होती.

अष्टमीला मारुतीच्या देवळापुढे पंच जमले. तऱ्हाळकर आदल्या दिवशीच येऊन राहिले होते आणि सकाळपासून देवळाभोवती फिरत होते. पोरं त्यांच्या फेऱ्या मोजत होती. सुभानजी आला, पण पाहुण्यासारखा एका बाजूला बसला. दुपार झाली. पंच जांभया द्यायला लागले. एक जण उठून बैलांना पाणी पाजायला गेला तो परत येईना. वडील माझ्याकडे बघत होते, आणि त्या बघण्याचा अर्थ मला चांगला कळत होता. अन्सा शेजारच्या घराच्या दारात उभी होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा वाशीमच्या रस्त्यानं किसन पायी चालत आला, तोंड सुकलेलं. पहिली गाडी चुकली, दुसरी रात्री उशिरा पोचली, म्हणून रात्र वाशीमच्या स्टेशनावर काढली म्हणाला.

मला वाटलं, झालं. पण सुभानजी उठला.

"काडी मोडून झाली," तो म्हणाला. "मी मोडली. या पंचाइनं पाह्यली. आता हा पुन्हा मोडन तं माही खोटी व्हती असा मतलब झाला. साठ वर्सं या गावांत माह्या शब्दाले कोन खोटं म्हटलं? सांगा." आणि पंचही चुळबुळ करू लागले, कारण तसं पाहिलं तर ती काडी मानणारे तेच. एक म्हातारा पंच म्हणाला, एकदा मोडलेली काडी दुसऱ्यांदा मोडल्याचं आम्ही पाहिलेलं नाही, अपशकून होईल. किसन मान खाली घालून मागे सरकायला लागला. आणखी दोन मिनिटांत तो हिंगोलीच्या वाटेला लागला असता, आणि अन्सा आमच्या घराच्या दारात म्हातारी झाली असती. मला ओरडावंसं वाटत होतं. कायद्याचं कलम तोंडावर फेकावंसं वाटत होतं.

तऱ्हाळकरांनी कायद्याचं नावही काढलं नाही. ते सुभानजीसमोर जाऊन उभे राहिले.

"सुभानजी, तुमची काडी खरीच व्हती. एकदम पक्की. पन ती कोनती काडी व्हती, ते सांगतो. पोरगी तुमच्या घरात सून म्हून आली. तुमी सासरे. सासरेपनाची काडी तुमी मोडली. तिच्यावरचा तुमच्या घराचा हक्क तुमी सोडला, आन् असं सोडनारा सासरा मी या जिल्ह्यात दुसरा पाह्यला नाही. पन नवरेपनाची काडी तुमच्या हातात कधी व्हतीच नाही. ते याच्याकडं राह्यली. दोन काड्या व्हत्या. एक झाली. एक बाकी."

सुभानजी त्यांच्याकडे बघत राहिला. मग पंचांकडे. म्हातारा पंच मान हलवत म्हणाला, "हे बराबर हाय. दोन व्हत्या." आणि बाकीचेही म्हणू लागले, हो हो, दोनच असतात, जसं काही लहानपणापासून सगळ्यांना ठाऊक होतं. पुढे आमच्या भागात कितीतरी वर्षं लोक खरोखर सासऱ्याची आणि नवऱ्याची अशा दोन काड्या मोडत राहिले. ती रूढी तऱ्हाळकरांनी त्या दुपारी उभ्या उभ्या तयार केली होती.

सुभानजीनं स्वतः वाकून देवळाच्या कोपऱ्यातली गवताची काडी उचलली आणि मुलाच्या हातात दिली. मारलं नाही. किसननं ती मोडली. आवाज इतका बारीक झाला की मागच्यांनी विचारलं, मोडली का? फारकतीचा कागद तऱ्हाळकरांनी आधीच लिहून आणला होता. त्यावर किसनचा अंगठा झाला, पंचांच्या सह्या-अंगठे झाले, आणि माझ्या जिवाला पहिल्यांदा थारा मिळाला. किसन जाताना अन्सासमोर थांबला. "माह्यं चुकलं," म्हणाला. अन्सानं मान हलवली. 

माणसं पांगली. तऱ्हाळकर पुन्हा फेऱ्या मारू लागले होते, दमणी जुंपेपर्यंत. अन्सा पाण्याचा तांब्या घेऊन आली. त्यांनी पाणी पिऊन तांब्या परत दिला तरी ती हलली नाही.

"वकीलसाहेब, एक इचारू? तुमी सगळ्याइले इचारता ते." आणि आमच्या अन्सानं, जिला घरात मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, सरळ विचारलं. "शिरपूरच्या बाईची काडी कोनं मोडली?"

मी तिला गप्प करायला पुढे झालो. तऱ्हाळकरांनी हात वर करून मला थांबवलं. मग ते देवळाच्या पायरीवर बसले. खरंच बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. मला त्यांच्या बसण्याची इतकी सवय नव्हती, की ते आजारी पडले असं मला वाटलं.

"कोनंच नाही," ते म्हणाले. "लगन झालं आन् मी नागपूरले वकिली शिकाले गेलो. ते माह्या मायजवळ राह्यली. तिथं तिचे हाल झाले. मी परत आलो तवर ते माहेरी गेली व्हती. आनाले या, मंग येतो, असा तिनं निरोप पाठवला. मी गेलो नाही. मंग तिचा भाऊ आला, सोडचिठ्ठी द्या म्हने. तीनदा आला. तिसऱ्या खेपेले मी त्याले म्हटलं, दावा लाव. नवऱ्यानं काडी मोडल्याबिगर बाई सुटत नाही, हे मी नवंनवं शिकून आलो व्हतो ना. वकिलीतलं मी पह्यलं वापरलं ते तिच्यावर."

अन्सा तांब्या धरून उभी होती. "मंग आजवर काहून नाही मोडली?"

"मोडाले जायचं तं तिच्यापुढं उभं राहा लागते, पोरी. किसनले मी तेच सांगून राह्यलो व्हतो."

ती एकदम म्हणाली, "तो तं आला." झालं, एवढंच बोलून ती तांब्या घेऊन घरात गेली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, तऱ्हाळकरांना उठायला काही निमित्त मिळालं असतं. बैल जुंपले गेले तरी ते तिथेच बसून होते.

अन्साचा पाट दिवाळीच्या आत लागला. ती धाकटी पोरगी पाटाच्या दिवशीही तिच्या पदराला धरून होती. आमच्या वडिलांनी पुढे वर्षभर लोकांना सांगितलं की वकिलाकडे जायचं त्यांनीच सुचवलं होतं. ऐकून मला राग यायचा, हेही खरं.

त्यानंतर तऱ्हाळकर मला एकदाच भेटले, पुढच्या उन्हाळ्यात. शाळेच्या कामासाठी वाशीमला गेलो होतो आणि मोटर स्टँडवर उभा होतो. शिरपूरची मोटर आली. तिथल्या देवळाला जाऊन आलेले यात्रेकरू उतरले, आणि सगळ्यांच्या शेवटी तऱ्हाळकर. कोट नव्हता. मी नमस्कार केला. कुठून आलात हे मोटरीवरूनच कळत होतं, तरी मी विचारलं. माझी जीभ अशीच.

"शिरपूरले गेलो व्हतो," ते म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशातून घडी केलेला स्टँपाचा कागद काढून पुन्हा आत ठेवला. "फारकत लिहून नेली व्हती. सही करून. तिनं हातातबी घेतली नाही. म्हने, कागद तुमच्याजवळच ठेवा, तुमाले लागते."

"आन् काडी?"

"नेली व्हती. मी मोडाले लागलो तं तिनं हातातून घेतली."

मला राहवलं नाही. ज्या प्रश्नानं माझ्या घरात एवढा गोंधळ झाला, तोच मी त्यांना विचारला. "वकीलसाहेब, काडी कोनं मोडली?"

"तिनं," तऱ्हाळकर म्हणाले. "ओट्यावर मले बसू दिलं नाही. उभीच राह्यली, माह्याकडं पाह्यलं, आन् मोडली. म्हने, लय उशीर केला." त्यांनी धोतर जरा खाली केलं. "बाईनं मोडलेली काडी कोर्टात चालत नाही, मास्तर."

मग ते म्हणाले, "चाला." आम्ही तळ्याच्या बाजूनं निघालो. मी सवयीनं भराभर चालू लागलो आणि थोड्या वेळानं बघतो तर शेजारी कुणी नाही. ते मागे होते, दोन पावलं, हळूहळू येत होते. मी थांबलो. ते जवळ आले, आणि मी पुन्हा चालू लागलो तरी ते मागेच राहिले.